जिन्यातली भिंत

ओळंबेकाका हे त्यांचं नाव नव्हे आणि आडनावही नव्हे. खिशात कायम ओळंबा घेऊन फिरणाऱ्या माणसाला गल्लीने दिलेली ती पदवी. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेलं पितळी वजन. भिंतीलगत सोडलं की भिंत सरळ उभी आहे की झुकली आहे ते कळतं. गवंड्याच्या खिशात ओळंबा असला तर त्यात नवल काय म्हणा, पण हे गृहस्थ दवाखान्यातही तो घेऊन जायचे आणि नंबर येईपर्यंत डॉक्टरांच्या भिंती तपासत बसायचे. होणारा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा तो दारात उभा असतानाच काकांनी एक डोळा मिटून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत जाऊन बायकोला सांगितलं, "जरा डावीकडे झुकतोय, पण चालेल."

तर अशा या माणसाला चाळीस वर्षं एका भिंतीने छळलं. तीही दुसऱ्या कुणाची नव्हे, त्यांनीच बांधलेली. नेमकं सांगायचं तर अर्धी त्यांनी बांधलेली, आणि दुखणं सगळं उरलेल्या अर्ध्यात होतं.

बाजाराच्या टोकाला कागदवाल्यांचं तीन मजली घर आहे, तिथली ही गोष्ट. घर बांधणारा कागदाचा व्यापारी होता. खाली दुकान, मधल्या मजल्यावर कागदाची कोठारं, वर राहायच्या खोल्या. कागदाची रिमं वर चढवणारे आणि रिकाम्या हाताने उतरणारे हमाल एकमेकांना धडकू नयेत म्हणून त्याने जिना साडेसात फूट रुंद करून घेतला. बावीस पायऱ्या, प्रत्येक पायरी एका अखंड दगडाची. तो जिना बसवला काकांच्या वडिलांनी. हमाल अनवाणी चढतात, त्यांच्या पायाला लागू नये म्हणून बाबांनी प्रत्येक पायरीची कड हाताने घासून गोल केली. असं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काका आणि त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, लहानपणी त्या पायऱ्यांवर बसूनच विटा मोजायला शिकले.

व्यापारी गेला आणि मागे दोन मुलगे राहिले, थोरले मालक आणि धाकटे मालक. त्यांचं कशावरून फाटलं ते आज कुणालाच धड सांगता येत नाही. कुणी म्हणतं, दुकानाच्या पाटीवर कुणाचं नाव वर लिहायचं यावरून ठिणगी पडली. भाऊबंदकीला कारण लागतं थोडंच. घर उभं चिरायचं ठरलं. समोरच्या दाराला दोन फळ्या होत्या, मधोमध खांब रोवून दोघांना एकेक फळी दिली. खिडकी अर्धी अर्धी केली. जिन्यावर छताला एकच दिवा टांगलेला होता, तोही बरोबर मध्यावर. तो कुणीच सोडेना. शेवटी भिंतीत दिव्याएवढं गोल भोक ठेवायचं ठरलं, म्हणजे एकच दिवा दोन्हीकडे. बटण थोरल्यांच्या बाजूला गेलं. पुढे कित्येक वर्षं धाकटे मालक जिन्यावर चाचपडत चढत असत, कारण थोरले मालक मुद्दाम दिवा लावायचे नाहीत. एवढी हुशारी व्यापारात वापरली असती तर दोघं कुठल्या कुठे गेले असते.

भिंत घालायला प्रत्येकाला स्वतःचा गवंडी हवा होता, कारण दुसऱ्याचा गवंडी बोटभर जागा खाईल ही भीती. आणि गावात भरवशाचे गवंडी दोनच, काका आणि दादा. म्हणजे भांडणाऱ्या दोन भावांनी न भांडणारे दोन भाऊ कामाला आणले. दादा थोरल्यांकडे, काका धाकट्यांकडे. मध्ये दोरी ताणली. एकाची वीट दोरीपलीकडे जाता कामा नये आणि एकाच्या माणसाने दुसऱ्याच्या बाजूला पाऊल टाकता कामा नये, अशी अट. त्यामुळे झालं असं की जिन्यात एक भिंत उभी राहिलीच नाही. पाठीला पाठ लावून दोन पातळ भिंती उभ्या राहू लागल्या.

आता पक्की भिंत घालायची तर जुन्या दगडात छिन्नीने खाचा पाडतात, खाचेत वीट बसवतात, सिमेंटचा माल भरतात, मग नवं जुनं एकजीव होतं. काकांनी यातलं काहीच केलं नाही. नुसता चुना आणि भरपूर वाळू कालवली, पायरीवर थापली आणि वर विटा रचत सुटले. भिंत गुडघ्याएवढी झाली तेव्हा दादाने पलीकडून डोकावलं.

"हे काय चाललंय?"

"भिंत घालतोय," काका म्हणाले.

"याला भिंत म्हणतोस? बोटाने उकरली तर निघेल. खाचा कुठायत?"

"खाचा नाही पाडणार. हे दोघं आज एकमेकांना पाण्यात बघतायत, वर्षभरात गोड होतील. तेव्हा भिंत काढायला आपल्यालाच बोलावतील. तोवर बाबांच्या पायऱ्या फोडून ठेवल्या तर जोडणार कशा?"

"आणि मध्येच कुणाच्या अंगावर पडली तर? बाबांचंच नाव जाईल ना?"

इथे काकांनी गप्प बसायला हवं होतं. पण तेव्हा वय अठ्ठावीस, आणि जीभ हातापेक्षा चपळ. ते म्हणाले, "तू घाल बाबांच्या जिन्यात छिन्नी. तुला जमेल ते."

दादा खाली वाकला आणि दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पलीकडून छिन्नीचा आवाज सुरू झाला, टक टक टक. तो चार दिवस थांबला नाही. प्रत्येक ठोका काकांच्या दातात जायचा. भिंत डोक्यावर गेली, छताला भिडली, दोन्ही बाजूंनी गिलावा झाला आणि काम संपलं. त्यानंतर दोघा भावांनी एका कामावर कधी हात घातला नाही.

बोलणंही संपलं. म्हणजे येणंजाणं होतं, दोन्ही घरच्या बायकांनी ते तुटू दिलं नाही. पण समोरासमोर बसून काका बायकोला म्हणायचे, "दादाला विचार, चहा घेणार का," आणि हातभर अंतरावरून दादा त्याच बाईला उत्तर द्यायचा, "त्याला म्हणावं, अर्धा कप." ती बिचारी म्हणायची, "मी काय पोस्टमन आहे का तुमची?" पण दोघांपैकी कुणाला हसू आलं नाही. तिकडे मालक भाऊही गोड झाले नाहीतच. दोघं आपापल्या अर्ध्या जिन्यावरून चढत उतरत म्हातारे झाले आणि गेले. मुलंबाळं दूर देशी. घराला कुलूप लागलं, आणि मग ते एका हॉटेलवाल्या कंपनीने घेतलं.

कामासाठी बांबूच्या परांच्या बांधल्या गेल्या त्या दिवसापासून काका रोज फाटकाशी जाऊन उभे राहू लागले. पहारेकऱ्याने दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा कामाची आर्किटेक्ट बाई बाहेर आली. तिशीतली, केसांत पेन्सिल खोचलेली, आणि बोलणं एकदम सरळ.

"काका, रोज काय बघता?"

"तुमची परांची डावीकडे कललीय," काका म्हणाले. "आणि जिन्यातली भिंत मी घातलीय."

बाईने त्यांना आत नेलं आणि चहा मागवला. तिचा सगळा जीव त्या जिन्यात होता. पाहुणा दारातून आत आला की समोर अख्खा साडेसात फुटांचा जिना दिसला पाहिजे, असं तिने नकाशात काढलेलं होतं. पण कंपनीच्या इंजिनियरचं म्हणणं वेगळं. भिंत पायऱ्यांत खाचा पाडून बसवलेली असणार, काढायला गेलं की दगड तडकणार, शिवाय चाळीस वर्षांत छताची तुळई तिच्यावर टेकली असणार. त्यापेक्षा जिनाच काढू आणि तिथे लिफ्ट आणि लोखंडी जिना बसवू. सोमवारी यंत्र येणार होतं.

"माझी बाजू हाताने निघेल, बाई," काका म्हणाले. "हातोडीसुद्धा लागणार नाही."

"आणि पलीकडची?"

"तिचं मला विचारू नका."

"कुणी बांधली ती?"

"होता एक गवंडी."

"आहेत का ते? मग त्यांनाच विचारू."

"विचारायची गरज नाही. मी या कानांनी ऐकलंय."

बाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. संध्याकाळी ती काकांच्या घरी हजर झाली आणि दोन मिनिटांत तिने काकूंकडून सगळं काढून घेतलं. "तो एक गवंडी म्हणजे यांचा सख्खा थोरला भाऊ," काकू म्हणाल्या. "इथून चौथ्या गल्लीत राहतो. जाऊन विचारायला काय होतंय यांना? जीभ झिजेल का?"

काका बराच वेळ ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, "विचारलं, आणि तो 'हो, पाडल्या खाचा' म्हणाला तर?"

इतकी वर्षं काकू नवऱ्याला हट्टी समजत होत्या. तो घाबरलेला आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं. खाचा पाडल्या असतील असं नुसतं वाटणं एक, आणि दादाच्या तोंडून ते ऐकणं वेगळं. ऐकल्यावर मग भाऊ उरणार कुठे?

बाईने सोमवारचं यंत्र थांबवून पुढच्या शनिवारपर्यंत मुदत काढून आणली. अडुसष्ट वर्षांचे काका स्वतः परांचीवर चढले. मजूर द्यायला बाई तयार होती, पण यांनी कुणाला हात लावू दिला नाही. आधी पलीकडच्या भिंतीला फळ्यांचा टेकू दिला आणि मग वरून एकेक वीट उचलायला लागले. माल खरंच बोटाने निघत होता. इंजिनियर येऊन बघून गेला आणि म्हणाला, "कमाल आहे, ही उभी कशी होती?" दोन्ही भिंती पाठीला पाठ लावून एकमेकींना टेकल्या होत्या म्हणून उभ्या होत्या, एवढं काकांना समजत होतं.

शुक्रवारी दुपारी शेवटचा थर निघाला आणि काकांची मान खाली गेली. पायऱ्या फुटल्या नव्हत्या, पण जिथे जिथे त्यांनी ओला चुना थेट दगडावर थापला होता तिथे पांढरे डाग पडले होते. काही ठिकाणी दगडाचा पापुद्राही निघाला होता. बावीसच्या बावीस पायऱ्यांवर. बाबांच्या जिन्याला जपायला निघालेल्या मुलाने बाबांचा जिना नासवून ठेवला होता.

मग त्यांनी दादाच्या भिंतीच्या पाठीकडे पाहिलं. नख लावलं. चुना होता, सिमेंट नव्हतं. त्यांना खरं वाटेना. परांचीवर चढून वर पाहिलं तर तुळई आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटं फट, आणि फटीत व्यापाऱ्याच्या दुकानातला जाड तपकिरी कागद घड्या करून बसवलेला. तुळई भिंतीवर टेकूच नये अशी सोय. आता मात्र काकांनी मजुरांना हाक मारली आणि त्यांच्यासोबत वरच्या विटा उतरवायला सुरुवात केली. अंधार पडायच्या आत ते खालच्या थराला पोचले.

खालच्या थरातली प्रत्येक वीट छिन्नीने तासलेली होती. पायरीची कड जशी गोल, तशी वीट आतून पोखरलेली, म्हणजे माल न लावताही ती दगडावर अलगद बसावी. विटेखाली बारीक वाळू होती आणि वाळूखाली तपकिरी कागद दुपदरी अंथरलेला. काकांनी कागद उचलला. खाली बाबांची पायरी होती तशी होती, एक ओरखडा नाही. दुसरी तशीच, तिसरी तशीच. चार दिवसांची ती टकटक विटांची होती.

काका पायरीवर बसले आणि रडले. बाई जवळ होती, तिने पाणी आणून दिलं.

शनिवारी सकाळी एक तासलेली वीट पिशवीत घालून ते चौथ्या गल्लीत गेले. दार वहिनींनी उघडलं. दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता, गुडघ्यांवर टॉवेल. काकांनी सवयीने सुरुवात केली, "वहिनी, दादाला विचार..." आणि थांबले. पुढे होऊन वीट दादाच्या मांडीवर ठेवली.

"दादा, ही तुझी."

दादाने वीट उचलली नाही, नुसता आतल्या गोलावरून अंगठा फिरवला. "सहावी पायरी," तो म्हणाला.

"कशावरून?"

"सहावीची कड एका बाजूला जास्त घासलीय. तिथे बाबांचा हात घसरला होता." मग म्हणाला, "म्हणजे काढली भिंत."

"काढली. दादा, मला वाटत होतं तू खाचा पाडतोयस. चाळीस वर्षं वाटत होतं."

"पाडणारच होतो. तू बोललास त्याच्या रागात पहिल्या पायरीला छिन्नी लावलीसुद्धा. एक ठोका मारला आणि हातच चालेना. शोध, अजून असेल ती खूण, डाव्या अंगाला."

"मग सांगायचं नाहीस का?"

"काय सांगू? धाकट्याचं खरं निघालं म्हणून?" दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "आधी राग होता. 'तुला जमेल ते' म्हणालास ना, ते फार लागलं. राग गेला तेव्हा लाज वाटायला लागली. मग इतकी वर्षं झाली की आता कुठून सुरुवात करू, तेच कळेना."

काका त्याच्या खुर्चीशी खाली बसले. दादाच पुढे म्हणाला, "पण तुझंही चुकलंच. कच्चं काम करायला माझी ना नव्हती रे शेवटी. पण कच्चं करायचं तर तेही नीट करावं. ओला चुना थेट दगडावर कोण थापतं? डाग पडले असतील."

"पडलेत."

"किती पायऱ्यांवर?"

"सगळ्या."

दादाने टॉवेल बाजूला टाकला आणि वहिनींकडे चपला मागितल्या.

आज तिथे हॉटेल आहे. वरच्या कोठारांच्या खोल्या झाल्यात आणि समोरच्या दाराच्या दोन्ही फळ्या पुन्हा एकत्र उघडतात. मधला दिवाही तोच आहे. पाहुणे जिन्यावर उभं राहून फोटो काढतात. कुणी विचारलंच की उजवी बाजू किंचित पांढरी का, तर काउंटरवरची मुलगी सांगते, दगडाचाच रंग तसा आहे. तिला तसंच सांगितलंय. पहिल्या पायरीवर डाव्या बाजूला नखाएवढी खूण आहे, ती मात्र सांगितल्याशिवाय कुणाला दिसत नाही.

त्या शनिवारचं थोडं सांगायचं राहिलं. दादा जिन्याशी पोचला, पहिल्या पायरीवर बसून अंगठ्याने त्याने ती खूण शोधली आणि मग उजवीकडचे डाग बघितले. बाई म्हणाली, डाग काढायचं यंत्र मिळतं, मागवते. दादा म्हणाला, "यंत्र नको, कड जाईल." विटेचे दोन तुकडे आणि बादलीभर पाणी मागवून दोघं म्हातारे शेजारी शेजारी बसले आणि घासायला लागले. बाई तिथेच उभी होती.

मग दादा मान वर न करता बाईला म्हणाला, "याला सांगा, पाणी फार ओततोय."

बाईने काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "दादा, मी इथेच आहे."

दादाचा हात जरा थांबला. "मग कमी ओत," तो म्हणाला.

काकांनी पाणी कमी ओतलं.